ह्यू रोझ : सेनापतीची कारकीर्द आणि भटजींची साक्ष

सर ह्यू रोझ म्हटलं की आपल्याला झाशी आठवते, आणि बहुतेक वेळा आपण तिथेच थांबतो. आज आम्ही आधी त्याची कारकीर्द मांडू आणि मग ती कशी वाचायची ते पाहू.

जन्म १८०१ चा, बर्लिनमधला. वडील मुत्सद्दी. १८२० मध्ये तो सैन्यात आला खरा, पण पुढची बरीच वर्षं सीरिया आणि कॉन्स्टँटिनोपल इथल्या वकिलातींत गेली. लेबनॉनमध्ये द्रूझ आणि मॅरोनाइट यांच्या दंगली पेटल्या तेव्हा त्याने शेकडो माणसं सुखरूप बैरुतला पोहोचवली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. १८५७ मध्ये तो मुंबईत उतरला तेव्हा हिंदुस्थानातल्या लढाईचा अनुभव शून्य.

आणि तरी १८५८ च्या जानेवारी ते जूनमध्ये सागर, झाशी, कोंच, काल्पी, ग्वाल्हेर! झाशीचा वेढा न उठवता बेतवाकाठी त्याने तात्या टोपेंच्या सुमारे २०,००० फौजेला जेमतेम १,५०० माणसांनिशी हरवलं. कोंचला तो स्वतः उन्हाने कोसळला. ही कर्तबगारी नाकारून काही साधत नाही.

पण ती सांगतंय कोण? ओवेन ट्यूडर बर्न यांचं रोझ आणि लॉर्ड क्लाइड यांच्यावरचं पुस्तक १८९१ मध्ये आलं. बर्न हे रोझचेच लष्करी सचिव. म्हणजे नजर छावणीतली.

तटाच्या आतली नजर मराठीत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. शहर पडल्यावरची 'बिजन', म्हणजे सरसकट कत्तल, आणि दिवसामागून दिवस चाललेली लूट 'माझा प्रवास'मध्ये आहे. अर्थात तेही डोळे झाकून वाचू नये. लिखाण पंचवीसेक वर्षांनंतरचं, आठवणीतून केलेलं. १९०७ च्या छापील प्रतीवर चिंतामणराव वैद्यांचा हात फिरलेला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली. तारखांसाठी छावणीची कागदपत्रंच बरी. पण गल्लीत काय झालं, याला भटजींसारखा साक्षीदार नाही.

रोझने राणीला बंडवाल्यांतली सर्वांत शूर म्हटलं, म्हणून आपण त्याला दिलदार ठरवतो. आमचं मत वेगळं आहे. मेलेल्या शत्रूचं कौतुक करायला काही पडत नाही. लेबनॉनमध्ये निःशस्त्र माणसांना वाचवणारा हाच गृहस्थ. झाशीत त्याच्याच फौजेपुढे निःशस्त्र माणसं होती. कारकिर्दीचं मोजमाप तिथे करायचं.

१८६६ मध्ये तो लॉर्ड झाला, तेव्हा पदवीत झाशीचं नाव घातलं गेलं. १८७७ मध्ये फील्ड मार्शल. १८८५ मध्ये पॅरिसला मृत्यू. झाशीचं नाव त्याने मिरवलं. त्या नावामागची माणसं मात्र त्याच्या चरित्रात नाहीत, ती आपल्याला एका भिक्षुकाच्या वहीत भेटतात. म्हणून दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, एवढंच आमचं सांगणं.