डाव फसला म्हणून चुकला काय?

डिसेंबर २०१७मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विदर्भ आणि कर्नाटक यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला, त्या वेळी सीमाभागातील मराठी घरांत जी विचित्र अवस्था झाली ती वाचकांना आठवत असेल. आपला कर भरणा कर्नाटकात, मुलांची गुणपत्रके कर्नाटकाची, मुलगा कधी राज्याच्या संघात गेलाच तर तो संघही कर्नाटकाचाच. आणि समोर नागपूरचा संघ, ज्यातील निम्म्याहून अधिक नावे आपल्या आळीतली वाटावीत अशी. आमच्या घरी थोरल्या पिढीचे मन विदर्भाकडे होते आणि नातवंडांचे करुण नायरकडे. (याच करुण नायरने पुढे काही काळ विदर्भाची टोपी घातली, आणि त्या सामन्यात विदर्भाकडून नेटाने खेळलेला गणेश सतीश मूळचा कर्नाटकाचा. सीमेचा प्रश्न खेळाडूंनी आपल्यापुरता सोडवला आहे, असे म्हणावे लागेल.)

विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला, कर्नाटकाने ३०१ केल्या. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३पर्यंत मजल मारली आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे माफक लक्ष्य उरले. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. अखेरच्या सकाळी विनयकुमार, मिथुन आणि श्रेयस गोपाळ यांनी सामना जवळजवळ ओढून नेला. पण रजनीश गुरबानीने डावात सात बळी घेतले आणि कर्नाटक १९२वर थांबले. अंतर फक्त पाच धावांचे. त्याच दुपारी घरातल्या एका जाणत्याने निकाल दिला : “ही पंडितांची करामत. गुरबानीला त्यांनी नेमके ओळखले.” मी सहज विचारले, मिथुनचे दोन फटके क्षेत्ररक्षकांच्या मधून गेले असते तर? उत्तर तत्काळ आले : “तर म्हटले असते, एकाच पोराच्या खांद्यावर सगळा भार टाकून पंडितांनी सामना घालवला.”

हे उत्तर प्रामाणिक होते, आणि ते माझ्या मनात अनेक वर्षे घोळत राहिले. मैदानाबाहेर बसून डावपेच ठरवणाऱ्या माणसाचे मूल्यमापन आपण प्रेक्षक कसे करतो, त्या मूल्यमापनाला समीक्षा म्हणावे की केवळ निकालाची पावती, हा या टिपणाचा विषय आहे. साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत खेळाचे काय काम, असे कोणास वाटल्यास एवढेच सांगतो की कृती आणि कृतीचे यश यांत फरक करणे हे समीक्षेचे पहिले काम आहे, मग ती कादंबरीची असो की क्षेत्ररचनेची.

आपल्या भागाला या समीक्षेची जुनी सवय आहे. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजत असते, आत दोन मल्ल एकमेकांना अजमावत असतात, आणि हौद्याच्या कडेला वस्ताद ओरडत असतो : “ढाक लाव, ढाक!” मागे बसलेल्या शेतकऱ्यांना, तंबाखूच्या वखारीतल्या कामगारांना, शाळामास्तरांना ढाक म्हणजे काय ते ठाऊक असते. ती बसली तर समोरचा चितपट, फसली तर आपलाच मल्ल खाली जाणार, हेही ठाऊक असते. म्हणून वस्तादाचा शब्द सुटताक्षणी प्रेक्षकांत मत उमटते. कोणी म्हणतो, “आत्ता नको, दम घेऊ दे त्याला.” कोणी म्हणतो, “हीच वेळ आहे.” या मतांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ती डाव पडण्याच्या आधी दिलेली असतात. पुढे काय घडले त्यावर मत देणारा उघडा पडतो, आणि पुढच्या मैदानात त्याच्या शेजारी बसणारे त्याचा हिशेब ठेवतात. शिवाय वस्ताद काय बोलला ते सर्वांनी ऐकलेले असते. निर्णय कोणाचा, याबद्दल वाद नसतो.

क्रिकेटच्या प्रेक्षकाला या दोन्ही सोयी नाहीत. पूर्वी आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकणाऱ्याला निदान क्षेत्ररचना शब्दांतून मनाशी मांडावी लागे. आज दूरचित्रवाणी सारे दाखवते, मात्र पॅव्हेलियनमध्ये कोण कोणाला काय म्हणाले ते दाखवत नाही. आपण घटना पाहतो आणि तिच्यावरून निर्णयाचा कर्ता कल्पितो. आणि मत बहुधा घटनेनंतरचे असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १३ मार्च १९९६चे. विश्वचषकाचा उपांत्य सामना, तेच ईडन गार्डन्स. अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून श्रीलंकेला फलंदाजी दिली. संघाचे व्यवस्थापक होते अजित वाडेकर. श्रीनाथच्या पहिल्याच षटकात कालुवितरणा आणि जयसूर्या दोघेही परतले. धावफलकावर एक धाव, दोन बळी. त्या क्षणी देशभर या निर्णयाची वाहवा झाली. आमच्या गल्लीतही झाली, मी त्यात होतो. नंतर अरविंद डिसिल्वाने ६६ धावा केल्या, श्रीलंका २५१वर पोहोचली. खेळपट्टी फुटू लागली, ६५ धावांवर तेंडुलकर यष्टिचीत झाला आणि १ बाद ९८वरून भारत ८ बाद १२० असा कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला आणि विनोद कांबळी रडत बाहेर पडला. त्या रात्री तोच निर्णय घोडचूक ठरला. निर्णय दुपारी वेगळा आणि रात्री वेगळा नव्हता. निर्णयामागे कारणही होते : अकराच दिवस आधी, २ मार्चला दिल्लीत, तेंडुलकरच्या १३७ धावांनंतरही श्रीलंकेने २७२ धावांचे लक्ष्य सहज पार केले होते. अशा संघाला पाठलाग करू द्यायचा नाही, हा विचार मूर्खाचा नव्हे. त्यावर खरी टीका करायची तर ती खेळपट्टीच्या अंदाजाबद्दल करावी लागेल. प्रकाशझोतात ती कशी वागेल याचा विचार पुरेसा झाला होता का, हा प्रश्न रास्त आहे. पण असा प्रश्न त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

वाडेकरांच्या वाट्याला तर हे दुसऱ्यांदा आले होते. १९७१ साली किंग्स्टनला पहिला दिवस पावसात गेल्यामुळे फॉलोऑनसाठी दीडशे धावांची आघाडी पुरेशी होती हे त्यांनी हेरले आणि १७० धावांच्या आघाडीवर वेस्ट इंडीजला पुन्हा फलंदाजीस पाठवले. सामना अनिर्णित राहिला; म्हणजे निकालाच्या पट्टीने मोजल्यास त्या निर्णयातून काही निष्पन्न झाले नाही. तरीही जाणकार त्याची आठवण काढतात, कारण तिथे कर्णधाराची बुद्धी दिसली. त्या वर्षी दोन मालिका जिंकून आलेल्या या माणसाला १९७४मध्ये, लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत बाद झाल्यावर, लोकांनी कसे वागवले ते सर्वश्रुत आहे. इंदूरला १९७१च्या विजयाची खूण म्हणून उभारलेल्या बॅटवरही राग निघाला. तीन वर्षांत वाडेकरांची बुद्धी संपली असेल, असे मला वाटत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेला माझा भाचा तिकडच्या फुटबॉलचा वेडा आहे. त्या खेळात आक्रमणाचे डावपेच ठरवणारा एक स्वतंत्र प्रशिक्षक असतो. प्रत्येक चाल तो ठरवतो, आणि १९९४पासून ती मुख्य खेळाडूच्या शिरस्त्राणातील यंत्रातून थेट कानात सांगितली जाते. म्हणजे आपल्या वस्तादाची हाकच, फक्त ती एकट्यालाच ऐकू येते. तिथले प्रेक्षक या माणसावर जितके तुटून पडतात तितके आपण पंचांवरही पडत नाही. भाच्याने मला १ फेब्रुवारी २०१५चा अंतिम सामना समजावून सांगितला. सिॲटलचा संघ चार गुणांनी मागे, विजयरेषा एका यार्डावर, उरलेले सेकंद २६. त्यांच्याकडे मार्शॉन लिंच नावाचा धिप्पाड धावपटू होता. चेंडू त्याच्या हाती देऊन त्याला घुसू द्यावे, एवढे पोरासही कळत होते. संघाने चेंडू फेकण्याची चाल निवडली आणि न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो मधल्यामध्ये झेलला. सामना संपला. डावपेचांचे प्रशिक्षक डॅरेल बेव्हेल आणि मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्यावर जी टीका झाली ती आजही थांबलेली नाही.

भाच्याच्या मते ती इतिहासातली सर्वांत वाईट चाल. मी त्याला विचारत गेलो तेव्हा निराळेच चित्र उभे राहिले. धावपटूला अडवले तर घड्याळ चालूच राहते. फेकलेला चेंडू जमिनीवर पडला तर घड्याळ थांबते. खेळ थांबवण्याची एकच संधी हाती होती. तेव्हा उरलेले तिन्ही प्रयत्न वेळेत करायचे तर त्यांतला एक फेकीचा असणे हा सरळ हिशेब होता. चाल निवडणाऱ्याने वेळ मोजला होता; प्रेक्षकांनी लिंचची ताकद मोजली. चेंडू नुसता जमिनीवर पडला असता तर ही चाल आज कोणाच्या लक्षातही नसती. भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मामा, तरी पण लिंचलाच द्यायला हवा होता.” प्रेक्षकाचा हा हट्टही मला आवडतो. त्याच्यामागे अनेक वर्षांचे पाहणे असते. त्याला खोटे पाडणे हा माझा हेतू नाही. त्याने लिंचच्या ताकदीचा दाखला द्यावा, पराभवाचा देऊ नये, इतकेच मागणे आहे.

आता पुन्हा चंद्रकांत पंडितांकडे वळतो, कारण आपल्या काळात या न्यायाची सर्वाधिक झळ त्यांना लागली आहे. मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन संघांना त्यांनी प्रशिक्षक म्हणून रणजी करंडक मिळवून दिला. विदर्भाला तर लागोपाठ दोनदा. २०२२मध्ये ते कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या कडक शिस्तीबद्दल संघातून खेळून गेलेल्या एका परदेशी खेळाडूने जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली होती. २०२४मध्ये हा संघ आयपीएल जिंकला, अंतिम सामन्यात हैदराबादला ११३ धावांत गुंडाळून. प्रशिक्षक पंडितच होते. परंतु मार्गदर्शक म्हणून गौतम गंभीर परत आले होते आणि सुनील नरेनला सलामीला पाठवण्याचे श्रेय, जे २०१७मधील त्यांच्या कर्णधारपदाची आठवण ठेवता त्यांना देणे वावगे नाही, त्यांच्याकडे गेले. त्यासोबत बाकी सारेही गेले. पुढच्या वर्षी गंभीर भारतीय संघाकडे होते, नरेन सलामीलाच होता, आणि कोलकाता आठव्या क्रमांकावर राहिले; पंजाबविरुद्ध तर ११२ धावांच्या पाठलागात ९५वर बाद. जुलै २०२५मध्ये पंडित बाजूला झाले. विजयाच्या वर्षी ज्यांना पंडित संघात असल्याचे स्मरत नव्हते, त्यांना पराभवाच्या वर्षी प्रत्येक चुकीत पंडितच दिसले. पंडितांच्या कामात दोष असतील. वीस षटकांच्या खेळात रणजीची शिस्त कितपत चालते, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. मात्र हा आक्षेप २०२४लाही तितकाच लागू होता. तेव्हा तो गिळून २०२५मध्ये उगाळणाऱ्याला मी समीक्षक म्हणणार नाही.

पंडितांविषयीचे माझे मत तयार झाले ते बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावरच्या दोन अंतिम सामन्यांवरून. १९९९मध्ये ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते आणि समोर कर्नाटक होते. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी हाती, म्हणजे सामना अनिर्णित ठेवला तरी करंडक त्यांचा. अखेरच्या डावात २४७ धावांचे लक्ष्य; विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे संघ १५०वर संपला. ९६ धावांनी पराभव. आपल्याकडे कित्येकांनी त्या दिवशी कर्नाटकासाठी टाळ्या वाजवल्या आणि मुंबईच्या माणसासाठी हळहळही व्यक्त केली. जून २०२२मध्ये त्याच मैदानावर ते मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते, समोर मुंबई. मुंबईच्या ३७४ धावांना उत्तर देताना मध्य प्रदेशाने घाई म्हणून केली नाही. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतके, एकूण ५३६. आघाडी हाती आल्यावरही ते खेळतच राहिले. समालोचक कंटाळले, आमच्या दिवाणखान्यातली तरुण मंडळी वैतागून उठून गेली. “आता डाव सोडा की,” असे मीही म्हणालो, हे कबूल केले पाहिजे. शेवटी १०८ धावांचे लक्ष्य सहा गडी राखून गाठले गेले आणि पंडितांना अश्रू आवरले नाहीत.

तेव्हा घरातला तोच जाणता, ज्याने २०१७मध्ये गुरबानीबद्दल निकाल दिला होता, खुर्चीतून पुढे वाकून म्हणाला, “तेवीस वर्षांपूर्वी असेच खेळायला हवे होते.” मी त्याला विचारले, १९९९च्या त्या दिवशी तू हे म्हणाला होतास का? तो हसला. “म्हणालो नव्हतो. मी तर कर्नाटकाच्या बाजूने होतो.”