सहा जणांवरचा एक पेपर

विज्ञानशिक्षणात पीएचडी करायचं डोक्यात असेल, तर मार्क विंडशिटल यांचा ‘सायन्स एज्युकेशन’मधला 2003 चा पेपर वाचाच. पण दोनदा वाचा. पहिल्या वाचनात मी फसले होते.

अमेरिकेतले सहा भावी विज्ञानशिक्षक. प्रत्येकाने स्वतःचा प्रश्न घेऊन दोन महिने प्रयोग केला, विचार वहीत नोंदवले. नंतर ते सराव अध्यापनाला गेले, तेव्हा विंडशिटल यांनी त्यांच्या वर्गातही लक्ष ठेवलं. ज्याला शोधप्रक्रिया नीट कळली किंवा ज्याने वहीत खोल चिंतन केलं, तोच मुलांना शोध घ्यायला लावेल असं आपल्याला वाटतं ना? तसं झालं नाही. ज्यांनी आधी, कॉलेजात किंवा नोकरीत, खरं संशोधन केलं होतं त्यांनीच ते वर्गात आणलं.

एमएस्सीवाल्यांना हे वाचून गुदगुल्या होतात. म्हणजे आम्हीच चांगले शिक्षक! मलाही झाल्या. मग प्रश्न पडला: ‘संशोधनाचा अनुभव’ म्हणजे नेमकं काय? दुसऱ्याच्या प्रयोगासाठी दोन महिने पिपेट धरणं आणि स्वतःचा प्रयोग तीनदा फसणं, हे एकच कसं? शिवाय मुळात जिज्ञासू असलेलीच माणसं लॅबकडे वळली असतील, तर श्रेय अनुभवाचं की स्वभावाचं? सहा जणांवरून हे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे त्याचा संदर्भ देऊन ‘सिद्ध झाले आहे’ असं लिहू नका.

तरीही हा पेपर मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या नेहमीच्या पद्धतीलाच धक्का देतो. बीएडच्या विद्यार्थ्यांना एखादं मॉड्यूल द्यायचं, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, गुण वाढले, प्रबंध तयार. पण समजणं आणि वर्गात वापरणं यांची इथे फारकत दिसते, आणि चाचणी मोजते फक्त समजणं.

आपल्याकडे तर बीएस्सीच्या लंबकाच्या प्रयोगात 9.8 हे उत्तर आधीच माहीत असतं. रीडिंग त्याला जुळवून घेतात. (खोटं का बोला, मीही घेतलीत.) हीच मुलं बीएडला येतात. 2015 पासून बीएड दोन वर्षांचं झालं, म्हणून ही सवय जाईल?

तेव्हा विषय पक्का करण्याआधी एक चौकशी करा: तुमच्या सहभागी शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला शाळा परवानगी देईल का, आणि किती तास?