'संध्याछाया'तील नाना-नानी आणि आपली समीक्षा

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळात जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'चे अभिवाचन झाले. नंतरच्या चर्चेत प्रारंभीचे भाषण प्रस्तुत लेखकाचे होते. विभक्त कुटुंबव्यवस्था, परदेशी स्थायिक झालेला मुलगा, महानगरातील वृद्धांचे एकाकीपण, असे जे बोलण्याचा प्रघात आहे ते सर्व यथासांग बोलून झाल्यावर मागच्या रांगेतील एक निवृत्त बँक-कर्मचारी बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं खरं, पण या दोघांना कुणी डॉक्टरकडे का नेलं नाही हो?" सभागृहात थोडे हसू उमटले. मीही हसलो. त्या हसण्याची टोचणी लागून राहिली, म्हणून हा लेख.

दळवींचा जन्म आपल्या हडफड्याचा. माणसाच्या मनातील विस्कटलेपण हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय होता. 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून त्यांनी लिहिलेले 'बॅरिस्टर' आठवावे. तेथे वेड वाड्यात पिढ्यान् पिढ्या वस्तीला आहे. ते ओरडते, अंगावर येते आणि अखेरीस सुशिक्षित नायकालाही गिळते. ते पाहताना प्रेक्षकाला 'हा आजार आहे' असे सांगावे लागत नाही. 'संध्याछाया'त मात्र कोणीच ओरडत नाही. मुंबईतील एका नीटनेटक्या घरात दोन समंजस माणसे मुलाच्या पत्राची वाट पाहतात, चुकून आलेल्या परक्या माणसाला हरतऱ्हेने थांबवून घेतात, दुसरा मुलगा गमावतात आणि शेवटी स्वतःचे जगणे संपवायचे ठरवतात. ही दोन्ही नाटके दि गोवा हिंदू असोसिएशनने विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणली. दोन्हींवर विपुल लिहिले गेले. पण 'बॅरिस्टर'विषयी लिहिताना आपण सहज 'मनोविकृती' हा शब्द वापरतो आणि 'संध्याछाया'विषयी लिहिताना 'व्यथा'. माझ्या जुन्या लेखांतही हेच आहे.

हा भेद केवळ समीक्षकांच्या सवयीचा असता तर त्याचा एवढा खल करण्याचे कारण नव्हते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. (त्यात महाराष्ट्र नव्हता, गोवाही नव्हता, मध्य प्रदेश आणि गुजरात होते, म्हणजे इंदूर-बडोद्याकडील आपल्या वाचकांचा प्रदेश होता.) प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता आणि महानगरांतील प्रमाण ग्रामीण भागाहून अधिक होते. मला अधिक बोलका वाटला तो दुसराच आकडा. गंभीर मनोविकारांच्या रुग्णांपैकी ७३.६ टक्के उपचारांविना होते, तर नैराश्य, चिंता यांसारख्या नित्याच्या विकारांत हेच प्रमाण ८५ टक्के निघाले. म्हणजे वाड्यातल्या वेडापेक्षा बिऱ्हाडातली खिन्नता समाजाच्या नजरेतून अधिक निसटते. आपल्या समीक्षेच्या नजरेतूनही तीच निसटली.

असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण असे, की नाना-नानींच्या दुःखाला कारण आहे. मुलगा दूर आहे, दुसरा गेला आहे. मग माणूस खंतावेल नाही तर काय करील, असे आपण म्हणतो. कारण सापडले की आपला शोध तेथेच थांबतो. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, जीव घाबरा होणे, कशातच मन न रमणे हे सारे त्या कारणाच्या खात्यावर जमा होते. वास्तविक पडल्यामुळे हाड मोडले म्हणून ते बसवू नये असे कोणी म्हणत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. नानांच्या वेदनेला 'नैराश्य' हे वैद्यकीय नाव दिले की नाटकाची केसपेपराएवढी किंमत उरेल. मला उलट वाटते. जे अटळ आहे त्याच्यापुढे आपण मान तुकवतो. पण जे टळू शकले असते आणि भोवतालच्या भल्या माणसांना दिसलेच नाही, ते पाहताना जीव अधिक तुटतो. या दृष्टीने वाचल्यास नाटकातील प्रत्येक हसतखेळत प्रसंग निराळा भासू लागतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' (२०१६) हा चित्रपट येथे आठवतो. सुवर्णकमळ मिळवणारी ही कलाकृती नैराश्याला आजार म्हणते, हे तिचे मोठे श्रेय. स्वतः त्यातून गेलेली जानकी एका खचलेल्या तरुणाला काहीही न विचारता आसरा देते. तरीही एक तक्रार उरते. बरे होण्यासाठी त्याला कोकणचा किनारा लाभतो. दादर-डोंबिवलीच्या दीड खोलीतून रोज लोकल पकडणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर तेथे नाही.

ते उत्तर योगायोगाने गोव्यातच शोधले गेले. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्था यांच्या 'मानस' प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नेहमीच्या दवाखान्यांत बसून काम केले. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा मदतीमुळे सुमारे ६६ टक्के रुग्ण सावरले होते. ती न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन-चार दालने ओलांडून कोणी जानकी भेटू शकते, एवढे तरी यावरून दिसते.

चर्चेनंतर चहाच्या वेळी त्या बाईंना गाठले आणि हसल्याबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर जेवण जाईना. दोन वर्षं आम्ही पोटाचंच औषध देत होतो." पुढे कोणी योग्य डॉक्टर सुचवला; आता ते सकाळी बाजारात जातात आणि मासळीच्या भावावरून भांडून येतात. येत्या महिन्यात मंडळात 'बॅरिस्टर'चे अभिवाचन आहे. प्रारंभीचे भाषण बाईंनी करावे, असे मी सुचवले आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.