डाव तोंडपाठ, लढत गैरहजर

७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेच्या पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत चालू होती. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ असा पुढे होता. त्याची एक उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला अशी बसली, की तो जागीच बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पंचांनी खल केला, प्रमाणाबाहेर जोराने फटका मारला म्हणून हामेदीला बाद ठरवलं आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळालं. आपण जिंकलो, हे त्याला शुद्धीवर आल्यावर कळलं.

नियमांच्या चौकटीत हा निकाल चोख होता. फटका आदळण्याआधी आवरता येणं हेच या स्पर्धेत कौशल्य मानतात, आणि खेळाडूंचे मेंदू शाबूत ठेवायचे तर ते योग्यच आहे. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या मैदानावर भरणाऱ्या कराटेच्या वर्गात आपल्याकडचे पालक मुलीला घालतात ते पदकासाठी नव्हे. वेळ आलीच तर तिला स्वतःला वाचवता यावं, एवढीच त्यांची अपेक्षा असते. तिथे बहुतेक वेळा होतं काय? रांगेत उभं राहायचं, 'इची, नी, सान'च्या तालावर हवेत ठोसे मारायचे, काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, पाठ करायची, परीक्षा द्यायची आणि पट्ट्याचा रंग बदलून घ्यायचा.

या रांगेलाही इतिहास आहे. कराटे जिथलं, त्या ओकिनावात पूर्वी गुरू मोजक्या शिष्यांना हाताशी धरून शिकवत. विसाव्या शतकाच्या आरंभी अंको इतोसू यांनी कराटे तिथल्या शाळांत नेलं आणि मुलांना झेपतील अशा 'पिनान' नावाच्या सोप्या काता बसवल्या. शाळांना कवायत हवी होती, ती मिळाली. कवायत म्हणून ती आजही उत्तम आहे. फक्त कवायतीत समोर कुणी उभं नसतं.

याच प्रश्नाला त्याआधीच जपानमध्ये एका शिक्षकाने हात घातला होता. जिगोरो कानो तेनजिन शिन्यो आणि कितो या जुजुत्सूच्या दोन घराण्यांत शिकलेले. १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी मंदिरात, बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुन्या घराण्यांकडे हाड मोडणारे, मर्मावर घाव घालणारे डाव भरपूर होते. पण असे डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने करायचे तर दुसऱ्या दिवशी जोडीदार उरणार नाही. म्हणून त्यांचा सराव ठरलेल्या क्रमाने, एकमेकांना सांभाळून व्हायचा. कानोंनी धोकादायक डाव कातापुरते ठेवले. उरलेल्या फेकी, पकडी आणि आवळण्या मात्र 'रांदोरी'त, म्हणजे विरोध करणाऱ्या माणसाशी मोकळ्या झटापटीत, रोज आजमावायला लावल्या.

सर्वांत घातक डाव वगळले आणि कला जास्त कामाची झाली. वरवर हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. समोरच्याचं वजन कोणत्या पायावर गेलं, त्याची पकड नेमकी कधी ढिली पडली, पहिला डाव फसताच त्याच झटक्यातून दुसरा कसा निघतो, हे वर्णन करून शिकवता येत नाही. समोरचा खरोखर पडायला नकार देतो तेव्हाच ते अंगात मुरतं. हालचालीतला सहजपणा म्हणतात तो इथून येतो, शंभर वेळा हवेत मारलेल्या ठोशातून नाही. कोदोकानचे मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले, त्यांची विद्या ग्रेसी कुटुंबात गेली आणि १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरला झालेल्या, वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना आमनेसामने आणणाऱ्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत सडपातळ रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणलं.

महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही. कोल्हापुरात गंगावेस किंवा मोतीबाग तालमीच्या हौद्यात पहाटे उतरणाऱ्या पोराला वस्ताद ढाक किंवा धोबीपछाड समजावून सांगतो जरूर. पण पोरगा तो शिकतो आपल्याहून जड गड्याशी खडाखडी करताना. डावाला तोड, तोडीवर पुन्हा डाव, आणि हे सगळं दमछाक झालेली असताना. गोळेश्वरचे खाशाबा जाधव या मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट आणि नियम दोन्ही अनोळखी, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं. लढतीत कमावलेलं अंग पृष्ठभाग बदलला तरी जुळवून घेतं, याचं याहून चांगलं उदाहरण शोधायला लांब जायला नको.

कुस्तीतही उणिवा आहेत. ठोशाला तिच्याकडे उत्तर नाही, आणि पाठ टेकली की तिथे निकाल लागतो. रस्त्यावर मात्र खरी अडचण पाठ टेकल्यावरच सुरू होते. शिवाय ही माती मुलींना फार उशिरा मिळाली. महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा पहिल्यांदा झाली ती २०२३ मध्ये, सांगलीत. प्रतीक्षा बागडीने ती जिंकली.

मर्दानी खेळांची स्थिती अधिक खटकणारी आहे. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला. शिवजयंतीला चौकाचौकांत पट्टा फिरतो, तळहातावरचं लिंबू कापलं जातं, टाळ्या पडतात. (लिंबू हलत नाही, हे कुणी बोलत नाही.) आपल्या परंपरेत सरावासाठी फरी-गदगा होता: हातात छोटी चामडी ढाल आणि कातडं मढवलेली काठी. एकमेकांना खरोखर फटके मारता यावेत आणि जीवही जाऊ नये, यासाठीच ही जोडी होती. म्हणजे कानोंना जे साधायचं होतं त्याचं साहित्य इथे तयार होतं. आज बहुतेक आखाड्यांत फरी-गदग्याची जोडीही आधी बसवलेल्या क्रमानेच खेळते.

मोकळी झटापटही नियमांच्या कात्रीत सापडते. ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये थेट पाय धरण्यावर निर्बंध आणले आणि २०१३ मध्ये पाय धरणं पूर्ण बंद केलं. एकेरी पट काढणारा पैलवान आज तिथे दंड खातो. स्पर्धा देखणी झाली. पाय धरणाऱ्याला थोपवण्याची सवय मात्र ज्युदोपटूंच्या नव्या पिढीला राहिली नाही.

आता सरकारी शिबिरांकडे वळू. समग्र शिक्षा अभियानातल्या राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणात सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने शिकवलं जातं. हेतू चांगला आहे. पण अशा शिबिरांत मनगट सोडवायचा डाव चालतो तेव्हा मनगट मैत्रिणीने धरलेलं असतं, आणि ती हसत सोडून देते. चाकू हिसकावण्याचे धडे तर सरळ धोक्याचे. चाकूऐवजी शाईचा मार्कर द्यावा, पांढरा टी-शर्ट घालावा आणि समोरच्याला मनाला येईल तसे वार करू द्यावेत. शर्टावर उमटलेल्या रेघा मोजल्या, की पळून जाणं हाच पहिला डाव का, ते प्रत्येकीला पटतं.

शास्त्रीय कसोटीवर उतरलेला एक उपक्रम कॅनडातला आहे. शार्लीन सेन यांच्या गटाने तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा तासांचं प्रशिक्षण घेतलेल्यांत वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के, न घेतलेल्यांत ९.८ टक्के होतं. त्या बारा तासांत हातापायांच्या डावांचा वाटा थोडाच होता. बाकीचा बराचसा वेळ ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर हेरण्यात आणि भीड मोडून ठाम विरोध करण्यात गेला. आपल्या शिबिरांत अनोळखी गुंड आणि अंधारी गल्ली यांच्यापुढे कल्पना फारशी सरकत नाही.

तीन महिन्यांत कुणी पारंगत होणार नाही, पण रोज दहा मिनिटं खऱ्या विरोधाशी झटणं तेवढ्यात सहज जमतं. पालकांनी वर्गाची फी भरण्याआधी एकच विचारावं: तासाभरात माझी मुलगी हार न मानणाऱ्या जोडीदाराशी किती मिनिटं झुंजते? उत्तर 'शून्य' आलं तर व्यायामासाठी खुशाल नाव घालावं, आत्मसंरक्षणासाठी दुसरा वर्ग पाहावा.