‘वैमानिक शास्त्र’ : पोथी आणि आराखडा

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास शाळांच्या भिंतींवर जे तक्ते लागतात, त्यांत ‘जगातले पहिले विमान मुंबईत उडाले’ अशा मथळ्याचा तक्ता आता नवा राहिलेला नाही. मजकूर साधारण असा असतो : शिवकर बापूजी तळपदे या मुंबईकराने १८९५ साली चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडवले, ते दीड हजार फूट उंच गेले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड ते पाहायला हजर होते, विमान पाऱ्यावर चालत होते, आणि हे सारे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी घडले. या विद्येचा उगम म्हणून भरद्वाज ऋषींच्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे नाव खाली दिलेले असते.

मानखुर्दमधल्या शाळेच्या गच्चीवर उभे राहिले की घाटकोपरवरून सांताक्रूझच्या धावपट्टीकडे उतरणारी विमाने दिसतात. इथल्या मुलांना विमान ही रोजची वस्तू आहे. त्यामुळे तक्ता वाचून ‘हे खरे आहे का?’ असा प्रश्न येतो, तो बहुधा विज्ञानाच्या शिक्षकाकडेच. ‘खोटे’ म्हटले तर मुलाला तो आपल्या देशाचा अपमान वाटतो. ‘खरे’ म्हटले तर आदल्याच तासाला शिकवलेले बल आणि गती यांचे नियम आपणच पुसून टाकतो. या अडचणीतून सुटण्याचा एकच मार्ग आम्हाला दिसतो. ज्या ग्रंथाला विमानाचा आराखडा म्हणून पुढे केले जाते, त्याचे परीक्षण आराखडा म्हणूनच करायचे.

हे काम पूर्वी झालेले आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झाले. त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी ‘वैमानिक शास्त्रा’ची चिकित्सा करणारा एक लेख प्रसिद्ध केला. विमानविद्या आणि यंत्रविद्या हा त्यांचा रोजचा विषय. त्यांनी ग्रंथाची थट्टा केली नाही. श्लोक वाचले, आकृत्या पाहिल्या, ग्रंथ कोणी व केव्हा सांगितला याची चौकशी केली आणि मग आकडेमोड केली. ही पद्धत शाळेतल्या वर्गालाही पेलणारी आहे.

प्रथम ग्रंथाचे वय पाहू. कर्नाटकातील आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात हे श्लोक वेंकटाचल शर्मा यांना सांगितले आणि शर्मांनी ते उतरवून घेतले. ही विद्या आपल्याला अंतःस्फूर्तीने मिळाली, असे शास्त्रींचे म्हणणे होते. आकृत्या त्यांच्याच देखरेखीखाली बंगळूरच्या एल्लप्पा या नकाशाकाराने काढल्या. ग्रंथाचा हिंदी अवतार १९५९ साली आणि इंग्रजी अवतार १९७३ साली छापून आला. श्लोकांची भाषा वैदिक नसून साधी, अलीकडची संस्कृत आहे आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, असा निष्कर्ष बंगळूरच्या लेखात काढलेला आहे. म्हणजे तक्त्यातील पहिलीच कडी तुटते. १८९५ साली जो ग्रंथ सांगितलाही गेला नव्हता, त्यावरून त्या वर्षी विमान बांधता येणार नाही.

आता आराखड्याकडे वळू. ग्रंथात शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांची वर्णने आहेत. पैकी शकुन विमानाचे २८ भाग दिलेले आहेत. त्यांत पीठ, पोकळ स्तंभ, हवा ओढणाऱ्या नळ्या, तेलाची टाकी, वाफेचा बाष्पक, विद्युत्‌यंत्र, दोन पंख, शेपटी आणि सूर्यकिरण ओढून घेणारा मणीदेखील आहे. ही यादी वाचताना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एखाद्या कारखान्याची आठवण व्हावी. पण यंत्राचे भाग मोजणे वेगळे आणि यंत्राची रचना करणे वेगळे. सायकलचे सुटे भाग पोत्यात भरले म्हणून सायकल होत नाही.

विमानाच्या रचनेचे पहिले कलम आपण फळ्यावर चार बाणांनी दाखवतो : वजन खाली, उचल वर, रेटा पुढे, हवेचा रोध मागे. उचल आणि रेटा यांचा विचार वेगवेगळा करायचा, ही कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १७९९ साली एका चांदीच्या चकतीवर कोरून ठेवली. त्यापूर्वी उडू पाहणारे लोक पक्ष्याप्रमाणे पंख फडफडवून दोन्ही कामे एकदम साधायला बघत. आजचे प्रत्येक प्रवासी विमान त्या चकतीवरच्या विचाराचेच वंशज आहे. त्याच्या पंखांचे काम उचलण्याचे आणि इंजिनांचे काम पुढे रेटण्याचे.

गच्चीवरून दिसणारे विमानच उदाहरणाला घ्या. मधल्या आकाराचे प्रवासी विमान उतरताना साधारण ६० टन भरते आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर असते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ४९० किलो भार येतो. राइट बंधूंचे १९०३ सालचे विमान माणसासह सुमारे ३४० किलोचे आणि पंख सुमारे ४७ चौरस मीटरचे. तेथे हाच भार अवघा सात किलो. हा फरक कोठून आला? राइट यांच्या विमानाचा हवेतला वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास होता. आजचे विमान उतरते ते ताशी सुमारे २५० किलोमीटरने. वेग पाचपट झाला की उचल पंचवीसपट होते, म्हणजे सातचे पावणेदोनशे झाले. उरलेली सुमारे पावणेतीनपट उचल पंखाच्या घडणीतून येते, विशेषतः उतरताना पुढेमागे सरकून खाली झुकणाऱ्या पंखांच्या कडांमधून. दुर्बीण असेल तर या झुकलेल्या कडा मुलांना स्पष्ट दिसतात.

हाच प्रश्न शकुन विमानाला विचारायचा. वजन किती, पंख किती, वेग किती, आणि त्या वेगाला उचल पुरते का? बंगळूरच्या अभ्यासकांनी ग्रंथातील वर्णने या कसोटीला लावली तेव्हा एकही विमान उडण्याजोगे निघाले नाही. आकार असे, की हवेला जास्तीत जास्त रोध व्हावा. आणि पुढे रेटण्याची योजना अशी, की तीच उड्डाणाला अडथळा ठरावी. तरीही त्यांनी न्यायबुद्धी सोडली नाही. रुक्म विमानात उभ्या नळ्यांतून पंख्यांनी हवा खाली ढकलून वर उठण्याची कल्पना आहे. एवढी एक गोष्ट अर्थपूर्ण आहे, हे त्यांनी नोंदवले. आमच्या मते या लेखाचे खरे बळ अशा नोंदींत आहे. काही ठिकाणी त्याची विशेषणे तिखट झाली आहेत आणि ती नसती तरी चालले असते. आकडे जे काम करतात ते विशेषणांना करावे लागत नाही. उलट तिखट शब्दाने श्रद्धाळू वाचक पुस्तक मिटतो, आणि मग आकडेही त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

पाऱ्याच्या इंजिनाबद्दल थोडे. पारा हे इंधन नव्हे. पेट्रोल जळून भरपूर ऊर्जा देते. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो आणि त्यासाठी ऊर्जा बाहेरूनच पुरवावी लागते. शिवाय त्याची वाफ विषारी असते. यावर कोणी म्हणेल, की अमेरिकेच्या ‘नासा’नेही पाऱ्याची इंजिने वापरली आहेत. ते खरे आहे. १९६४ आणि १९७० साली अशी आयन इंजिने अंतराळात पाठवली गेली. पण १९७० च्या इंजिनाचा रेटा सुमारे २८ मिलीन्यूटन होता, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम वजनाइतका. छपाईच्या एका साध्या मोठ्या कागदाचे वजनही पाच ग्रॅम भरते. ही इंजिने निर्वात अंतराळातच उपयोगी पडतात. चौपाटीच्या वाळूवरून त्यांनी एक कागददेखील उचलला गेला नसता.

मग तळपद्यांचे काय? येथे आमचा आग्रह असा, की त्यांना या ग्रंथापासून वेगळे काढावे. तळपदे हे खरेखुरे गृहस्थ होते, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी संबंधित होते, आणि विमान बांधण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. त्या काळी मानवरहित प्रतिकृती उडवणे अशक्यही नव्हते. फ्रान्सच्या पेनो यांनी १८७१ साली पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या बागेत उडवून दाखवले होते. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेच्या लँग्ली यांचे वाफेवर चालणारे मानवरहित विमान सुमारे एक किलोमीटर उडाले. तेव्हा तळपद्यांनी एखादी प्रतिकृती उडवली असेल तर ती आनंदाची गोष्ट होईल. मात्र तिला पुरावा हवा. लँग्ली यांच्या उड्डाणाचे छायाचित्र टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी काढले आणि ते विमान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपलेले आहे. चौपाटीच्या उड्डाणाबद्दल ‘केसरी’त बातमी आल्याचे सांगतात, पण सांगणारे अंकाची तारीख सहसा देत नाहीत. बंगळूरच्या लेखात मात्र एक नोंद आहे : शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या डॉ. तळपदे यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्यांतली एकही उडू शकली नाही. त्यांचे अपयश पोथीच्या नावावर जायला हवे होते. ते विसरले गेले, आणि न सिद्ध झालेले यश मात्र त्यांच्या नावावर चढले.

शिवाय चौपाटीचे उड्डाण जसेच्या तसे खरे धरले, तरी त्याने राइट बंधूंचे श्रेय हलत नाही. माणूस बसलेले, इंजिनाच्या शक्तीवर चालणारे आणि वैमानिकाच्या ताब्यात राहणारे विमान हे त्यांचे यश होते. १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्यामागे पुष्कळ मेहनत होती. हवेच्या दाबाचा जो गुणक सर्वजण प्रमाण मानत होते, तो त्यांच्या प्रयोगांशी जुळेना. तेव्हा त्यांनी १९०१ साली सहा फूट लांबीची एक पेटी केली, तिच्यातून पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले. या पेटीला वातविवर म्हणतात. जुना गुणक सुमारे दीडपट मोठा निघाला. छापील आकड्यावर शंका घेण्याचे आणि स्वतः मोजण्याचे धैर्य हाच त्यांचा मोठा शोध, असे आम्हाला वाटते.

हे सारे जुने झाले म्हणून सोडून देता येत नाही. जानेवारी २०१५ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात भरले आणि तेथे संस्कृतातील प्राचीन विज्ञानाच्या सत्रात प्राचीन विमानांवरचा एक निबंध वाचला गेला. त्याच महिन्यात तळपद्यांच्या कथेवरचा ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट लागला. चित्रपटाने कल्पनेचे पंख लावले तर तक्रार नाही. तो त्याचा धर्म आहे. पण विज्ञानाच्या व्यासपीठावर कसोटी तीच हवी, जी इतर कोणत्याही निबंधाला लावतात. १९७४ च्या लेखाला उत्तर दिल्याशिवाय तो विषय पुन्हा मांडता येऊ नये.

अभिमान बाळगायला आपल्याकडे जागा नाही असे नाही. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावी १९०८ साली झाला. जर्मनीत गटिंगेन येथे, आधुनिक वायुगतिकीचे प्रवर्तक प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी ‘एचटी-२’ या दोन आसनी शिक्षण-विमानाची रचना केली. १९५१ साली ते प्रथम उडाले. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली आणि वैमानिकांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. त्याच कारखान्याचे ‘मरुत’ हे लढाऊ विमान जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले आणि १७ जून १९६१ रोजी उडाले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट त्याला गाठता आले नाही, कारण योग्य ताकदीचे इंजिन मिळाले नाही. हे अपयशही आपल्याला नीट माहीत आहे, कारणासह माहीत आहे. ‘मरुत’ आणि ‘मरुत्सखा’ यांच्यात खरा फरक आहे तो हाच.

तेव्हा तक्ता फाडू नये, अशी आमची सूचना आहे. त्याच्या शेजारी दुसरा कागद लावावा आणि त्यावर मुलांनीच प्रश्न लिहावेत : ग्रंथ केव्हा उतरवला गेला? ‘केसरी’चा अंक कोणत्या तारखेचा? विमानाचे वजन किती, पंख किती, रेटा कशाचा? श्लोकांची भाषा तपासायला संस्कृतच्या शिक्षकांना बोलवावे, आकडेमोडीला गणिताच्या. ज्या प्रश्नाचे उत्तर सापडेल ते पुराव्यासह लिहावे. ज्याचे सापडणार नाही, ती जागा कोरी ठेवावी. आणि तिसऱ्या कागदावर घाटग्यांचे ‘एचटी-२’ काढून त्यावर चार बाण दाखवावेत.