छळाचे शिक्षण आणि ‘स्मृतिचित्रे’

श्रद्धेपायी सोसाव्या लागणाऱ्या छळाची ओळख ख्रिस्ती विद्यार्थ्याला करून देताना शिक्षक बहुधा रोमन साम्राज्यातील हुतात्म्यांपासून प्रारंभ करतो. तेथे छळणारा परका व सोसणारा निर्दोष, अशी विभागणी स्वच्छ असते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील अनुभव या चौकटीत सहसा बसत नाही. येथे छळाचे मुख्य क्षेत्र घराचा उंबरठा हे आहे.

१८४३ मध्ये मुंबईस नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन बंधू श्रीपत यास न्यायालयाने आप्तांच्या स्वाधीन केले, आणि त्यास जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. धर्मांतरिताचा वारसाहक्क बुडू नये म्हणून १८५० मध्ये कायदा करावा लागला. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ चा. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात ही ताटातूट धर्मांतरिताच्या बाजूने येते. त्यामुळे दुःख हे सत्याचे मोल ठरते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त ही बाजूच पालटते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. निर्णय पतीचा, परंतु वियोग, लोकापवाद आणि परावलंबन त्यांच्या वाट्यास आले. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तरी त्या काळाचे चित्रण करताना त्यांनी आप्तांना खलपुरुष केले नाही व पतीला निर्दोष हुतात्माही ठरविले नाही. त्यांच्या विनोदाने दुःखाची धार बोथट होते, असा आक्षेप घेता येईल. तथापि तो विनोद बहुतांशी स्वतःवरच उलटणारा आहे. दुसऱ्याविषयीचा निवाडा संयमित ठेवण्याचे ते साधन आहे. श्रद्धावंत जसा सोसतो, तसाच तो आपल्या माणसांना सोसावयासही लावतो, हा कठीण धडा या ग्रंथाइतक्या निर्वैरपणे मराठीत क्वचितच आला असेल.

अर्थात घरगुती विरोध आणि हिंसा यांत भेद केलाच पाहिजे. १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे दोन लहान मुलगे यांना जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा जाहीर केली. तरी अपराध्यावरील खटला चाललाच व त्यास शिक्षा झाली. क्षमा न्यायाची जागा घेत नाही, हेही शिकविणे अवश्य आहे.

ताटातुटीनंतर काय उरते, याचे उत्तर खानदेशात सापडते. बाप्तिस्म्यानंतर बारा वर्षांनी, १९०७ मध्ये, जळगावच्या कविसंमेलनात टिळक मराठी कवींसमवेत होते. तेथे ‘बालकवी’ ही पदवी मिळालेले धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे टिळकांच्याच घरी राहिले. जळगावलगतच्या पिंप्राळ्यातील विद्यार्थ्याला हा दाखला दूरचा नाही. छळाच्या पाठात तो घेतला नाही, तर विद्यार्थी सोसावयास शिकेल. पुन्हा एकत्र बसावयास शिकणार नाही.