भोळे, ज्योत्स्ना
(११ मे १९१४–५ ऑगस्ट २००१). मराठी संगीत रंगभूमीवरील अभिनेत्री व गायिका. मूळ नाव दुर्गा केळेकर. जन्म गोव्यातील बांदिवडे येथे. गायिका गिरिजाबाई केळेकर या त्यांच्या ज्येष्ठ भगिनी. बालपणीच त्या मुंबईस आल्या. तेथे त्यांना आग्रा घराण्याची तालीम मिळाली. १९३२ मध्ये संगीतकार व संगीतसमीक्षक केशवराव भोळे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी मुंबईत सादर केलेल्या आंधळ्यांची शाळा या नाटकात त्यांनी बिंबाची भूमिका केली. ब्यर्न्सनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी हे रूपांतर केले होते. मराठी रंगभूमीवरील पहिली स्त्री असा त्यांचा उल्लेख काही वेळा होतो, तो बरोबर नाही; हिराबाई बडोदेकर व त्यांच्या भगिनी त्यापूर्वीच रंगभूमीवर आल्या होत्या. या भूमिकेचे महत्त्व वेगळेच आहे. बालगंधर्वांच्या प्रभावामुळे स्त्रीपात्राचे गाणे म्हणजे विस्ताराने रंगवावयाची मैफल, असा प्रेक्षकांचा ग्रह दृढ झालेला होता. केशवरावांनी पदांची संख्या अगदी मोजकी ठेवली, आणि ज्योत्स्नाबाईंनी ती पदे संवादाचाच पुढला भाग असल्याप्रमाणे म्हटली. ‘वन्स मोअर’ घेऊन प्रसंग थोपविणारे गाणे येथे उरले नाही.

या पद्धतीने नाट्यसंगीत भावगीताच्या पातळीवर आणले, असा आक्षेप घेण्यात आला. त्यात तथ्य नाही असे नाही. रागविस्ताराची जी संधी गद्यप्राय, वास्तववादी नाटकाने नाकारली, ती पुढे या रंगभूमीस क्वचितच मिळाली. तथापि ज्योत्स्नाबाईंच्या गायनाला हा आक्षेप पूर्णपणे लागू पडत नाही. त्यांची लहानशी तान किंवा मुरकी शब्दाचा अर्थ उलगडण्यापुरती येते आणि लगेच आवरते. असा संयम तालमीवाचून साधत नाही.

मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने रंगभूमीवर आणलेल्या कुलवधू (१९४२) मधील भानुमती ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. मास्तर कृष्णरावांनी स्वरबद्ध केलेले ‘बोला अमृत बोला’ हे त्यातील भैरवीतील पद घरोघर पोहोचले. मात्र या पदाच्या लोकप्रियतेने भूमिकेवर काहीसा अन्यायच केला. अर्थार्जन करणारी अभिनेत्री-पत्नी आणि तिच्या यशाने दुखावलेला पती हा या नाटकाचा विषय आहे; रंगमंचावर गाऊन नाव मिळविणाऱ्या नटीनेच ती भूमिका करावी, यात वेगळाच अर्थ भरतो. ध्वनिमुद्रिकेतून भानुमतीचा गोडवा तेवढा उरतो, तिचा ताठा उरत नाही.

रांगणेकरांच्या इतर नाटकांत, तसेच मामा वरेरकरांच्या भूमिकन्या सीता या नाटकातही त्यांनी काम केले. राजा बढे यांचे शब्द आणि पु. ल. देशपांडे यांची चाल लाभलेले ‘माझिया माहेरा जा’ हे त्यांचे भावगीत विशेष लोकप्रिय झाले. आराधना हे संगीत नाटक त्यांनी लिहिले. तुमची ज्योत्स्ना भोळे हे त्यांचे आत्मकथन. पुणे येथे त्यांचे निधन झाले. तेथील हिराबाग परिसरातील एका सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले आहे.